आईचे कान आणि मागचे स्पीकर

अप्पा, आईचे कान ठीक आहेत. वयाप्रमाणे थोडं कमी येतं ऐकू, पण फाटले होते ते तुमच्या गाडीचे मागचे स्पीकर. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी तुमच्यावर बरीच चिडणार आहे आणि त्या भरात मुद्द्याचं राहून जाईल. गेलेल्या माणसावर इतक्या वर्षांनी चिडणं बरं दिसत नाही, असं तुमचा लेक, अण्णा म्हणतो. बेंगळुरूत बसून असं म्हणायला त्याचं काय जातं? इथे धारवाडात आईबरोबर मी राहते.

तुमची गाडी अजून आहे. मी हुबळीला कामाला बसनेच जाते, त्यामुळे ती बहुतेक वेळ शेडमध्ये उभी असते. पण संध्याकाळचा चहा झाला की आई शाल घेऊन गाडीत जायची, काचा वर करून मागच्या सीटवर बसायची आणि पेनड्राइव्हवरची गाणी ऐकायची. घरात टीव्ही लावला तर तिला धड काही कळत नाही. पंखा, कुकर, रस्त्यावरचे हॉर्न, सगळ्याची खिचडी होते. गाडीत मात्र बाहेरचं बंद, आणि तुम्ही मागच्या फळीत बसवलेले ते दोन लंबगोल स्पीकर थेट तिच्या मानेमागे. तिथे तिला गाण्यातली बारीकशी हरकतही सापडायची. गुणगुणतच बाहेर यायची, आणि गुरुवारी भजनी मंडळात तीच चाल म्हणून दाखवायची. पुढच्या सीटवर ती कधी बसली नाही. तुम्ही असताना पुढे अण्णा बसायचा, आणि आता पुढची सीट रिकामी असली तरी ती आपली मागेच.

मग हळूहळू तिचं गाडीत जाणं बंद झालं. विचारलं तर म्हणायची, कंटाळा आला. भजनी मंडळातही जाईना. बायका बोलवायला आल्या तर गुडघ्याचं निमित्त सांगायची. फोन वाजला की माझ्या हातात द्यायची, "तूच बोल की, मला काय कळतंय आता." मला वाटलं, वय झालं. तिचं सगळं असं गुपचूप आवरून घेणं मी वयाच्या खात्यावर टाकलं आणि माझ्या कामाला लागले.

मागच्या महिन्यात अण्णा नात्यातल्या एका मुंजीसाठी आला होता. हुबळीला जाताना गाडी तो चालवत होता, पुढच्या सीटवर आहेराचं सामान, म्हणून मी मागे आईशेजारी बसले. त्याने गाणी लावली. नवलूर मागे पडलं तोवर माझं डोकं उठलं होतं. नुसती करकर! गाणाऱ्याने आवाज जरा चढवला की पाठीमागे कुणीतरी कागद फाडतंय असं वाटायचं. मी म्हटलं, "आई, हे असंच वाजतं?" तिने झटकन माझ्याकडे वळून पाहिलं. मग हळूच म्हणाली, "तुलाही ऐकू येतंय?"

अप्पा, त्या तीन शब्दांनी माझ्या अंगाचा तिळपापड झाला. कितीतरी महिने ती बाई ती करकर ऐकत होती आणि आपलेच कान गेले असं धरून बसली होती. तिच्या कानात सूर फाटतो, म्हणून तिने गाणं सोडलं. चारचौघींत बेसूर होईल म्हणून मंडळ सोडलं. आणि स्पीकर बिघडला असेल, हे तिच्या मनातसुद्धा आलं नाही. कसं येणार? तुम्ही येऊ दिलं होतं का कधी?

तुमचा एक नियम होता. शाळेच्या प्रयोगशाळेत तुम्ही मुलांना सांगायचात, आधी आपला हात तपासा, मग यंत्र. चांगला नियम आहे, मला मान्य आहे. पण शाळेत तो सगळ्यांना होता आणि घरात फक्त आईला. मिक्सर अडकला, "तू काय घातलंस त्यात?" गिझर तापेना, "तू बटण अर्धवट दाबलंस." तुमच्या हातून रेडिओ बंद पडला की तो जुना झालेला असायचा, आणि तिच्या हातून बंद पडला की तिने बिघडवलेला असायचा. मला तो इस्त्रीचा दिवस स्वच्छ आठवतो. मी स्वयंपाकघराच्या दारात गणवेशाचा ब्लाउज घेऊन उभी आहे, इस्त्री थंड, आणि तुम्ही स्क्रू ड्रायव्हर हातात घेतलाय पण अजून एकही स्क्रू काढलेला नाही. त्याआधीच विचारताय, "काय केलंस?" आई पदराला हात पुसत म्हणते, "काही नाही हो." मग तुम्ही प्लग उघडता. आतली वायर जळलेली. ती कापता, नवीन टोक काढता, बसवता, इस्त्री तापते. तिचं काही चुकलं नव्हतं हे तुम्हाला दिसलं होतं, मलाही दिसलं होतं, पण तुम्ही ते बोलला नाहीत. इस्त्री तिच्या हातात दिलीत ती एकदाची माफी दिल्यासारखी. आणि तिने ती घेतली.

तुम्ही वस्तूंशी किती चांगले वागायचात हो! काही फेकायचं नाही, उघडून बघायचं, तिला काय झालंय ते समजून घ्यायचं. सुभाष रोडवर नवीन पंखा घ्यायला गेलेले तुम्ही जुन्या पंख्याचं बेअरिंग घेऊन परत यायचात. त्याचं मला फार कौतुक होतं, अजूनही आहे. म्हणूनच जास्त राग येतो.

मुंजीहून परतताना अण्णा म्हणाला, "एवढं काय त्यात? नवीन जोडी टाकू, अर्ध्या तासाचं काम." गोकुळ रोडवर एका दुकानात गाडी नेली. दुकानदाराने मागे वाकून बोटाने जाळी दाबली आणि हसला. "रिपेरी आगंगिल्री मॅडम, ओगदबिड्री." दुरुस्ती होत नाही, टाकून द्या. मी कानडीतच विचारलं, उघडून न बघता कसं कळलं? तर म्हणे, हल्ली कोण उघडतं? अण्णाने नव्या जोडीचा खोका हातात घेतलाही होता. मागून आई म्हणाली, "घे बाबा, मोठ्या आवाजाचे घे. माझ्यासारख्या बहिरीला तसलेच पाहिजेत." मी तो खोका अण्णाच्या हातातून काढून काउंटरवर ठेवला आणि म्हटलं, चला घरी. अण्णाला वाटलं मी तुमच्यासारखी चिकट झालेय.

चिकटपणा नव्हता तो. नवे स्पीकर घातले असते तर ते खणखणीत वाजले असते, आणि आई मरेपर्यंत म्हणत राहिली असती की ते भारी आहेत म्हणून माझ्या गेलेल्या कानांनाही ऐकू येतात. मला तिच्या हातात ती फाटकी वस्तू द्यायची होती. हे बघ, हे फाटलंय, तू नाही. आणि मग तोच स्पीकर, तोच, तिच्या मानेमागे पुन्हा वाजवून दाखवायचा होता.

तुम्ही मला कधी स्क्रू ड्रायव्हर हातात दिला नाहीत. अण्णाला शिकवायचात, आणि तो जांभया द्यायचा. मी टॉर्च धरायची. म्हणून आता मोबाइलवर बघून बघून शिकले, आणि रविवारी दुपारी मागची फळी काढली. स्पीकर बाहेर काढून स्वयंपाकघराच्या टेबलावर पेपर अंथरून ठेवले. अप्पा, कागदाच्या शंकूभोवती फोमची जी कड असते, ती उरलीच नव्हती. बोट लावलं की काळा चिकट भुगा. बाकी सगळं शाबूत, कागद चांगला, वायरी चांगल्या. आईला हाक मारली. तिने चष्मा लावला, बोट फिरवलं, बोट काळं झालं. मग म्हणाली, "हे मी मागे डोकं टेकवते, त्याने झालं असेल का गं?"

मी टेबलावर हात आपटला. खरंच आपटला. म्हटलं, "आई, उन्हाने झालंय! शेडच्या उघड्या बाजूने मागच्या काचेतून रोज ऊन पडतं, फोम सडतो. कुणीच काही केलेलं नाही!" ती दचकली, आणि मग मला म्हणाली, "ओरडू नको बाई, बहिरी नाही मी." आणि आम्ही दोघी हसलो.

नवी कड मागवली, ती काही दिवसांत आली. जुना डिंक ब्लेडने खरवडून स्पिरिटने पुसायलाच दुपार गेली. मग कड आधी कागदाला चिकटवायची, वाळू द्यायची, आणि नंतर बाहेरच्या लोखंडी चौकटीला. त्यात शंकू अगदी मधोमध राहायला हवा, नाहीतर आतली तारेची गुंडाळी चुंबकाला घासते. पहिला स्पीकर मी चिकटवला आणि वाजवून पाहिला तर खर्रर्र. कड वाईट निघाली म्हणून मी विकणाऱ्याला चार शिव्या घातल्या. मग नीट पाहिलं तर शंकू तिरका बसला होता. हात माझाच चुकला होता, म्हणजे तुमचा नियम तिथे बरोबर निघाला, आणि त्याचा मला वेगळा राग आला.

पुन्हा सोडवलं. या वेळी आई शेजारची खुर्ची ओढून बसली. "तू मधे धर, कड मी दाबते," म्हणाली. मी शंकू मधोमध धरून ठेवला आणि ती करंजीची कड दाबावी तशी अंगठ्याने गोल फिरत गेली, कुठे थांबली नाही, कुठे जोर कमीजास्त नाही. दुसऱ्या स्पीकरला तर तिने मला मधे बोलूही दिलं नाही. या घरात आजवर इतक्या वस्तू उघडल्या गेल्या, पण तिचा हात लागून दुरुस्त झालेली ही पहिली.

वाळल्यावर बसवले. ती शाल घेऊन गेली, काचा वर केल्या. मी बाहेर उभी. काचेतून फक्त तिची मान दिसत होती, आणि थोड्या वेळाने ती मान तालावर हलायला लागली. मग तिने काच खाली केली आणि नुकताच वाजलेला अंतरा मला म्हणून दाखवला. आवाज थकलाय, पण सूर जागेवर होता. मी तिथेच रडले. येत्या गुरुवारी ती मंडळात जाणार आहे, साडीही काढून ठेवलीय.

हे इथेच संपलं असतं तर मी तुम्हाला लिहायला बसले नसते. काल भाजी निवडताना ती मधेच म्हणाली, "मग तो टेपरेकॉर्डर?" मी विचारलं, कुठला? तर माझ्या जन्माच्या आधीची गोष्ट. तिच्या आईच्या ओव्यांची एकच टेप होती. आजी गेल्यावर आईने ती लावली आणि टेप आत गुंतून तुटली. तुम्ही म्हणालात, चुकीचं बटण दाबलंस. ही गोष्ट तिने मला आजवर सांगितली नव्हती. मेथीची जुडी हातात तशीच धरून ती विचारत होती, "ते पण मी नसेन केलं, नाही गं?"

मी म्हटलं, नाहीच मुळी. आतला रबराचा पट्टा सैल झाला होता. अप्पांनीच मला सांगितलं होतं, शेवटच्या आजारपणात. म्हणाले होते, तिचं काही चुकलं नव्हतं, मी उगाच बोललो. आईने "असं म्हणाले?" एवढंच विचारलं, आणि पुन्हा मेथी निवडायला लागली. आज सकाळी तिने तुमच्या फोटोला मोगऱ्याचा गजरा घातला.

तुम्ही असं काही म्हणाला नव्हतात, अप्पा. पट्ट्याचं मला काही माहीत नाही. कदाचित तिने खरंच चुकीचं बटण दाबलं असेल. पण ते वाक्य तुम्ही तिला देणं लागत होतात, म्हणून तुमच्या नावाने मीच देऊन टाकलं. आई घरातला कागदाचा कपटासुद्धा वाचल्याशिवाय टाकत नाही. हे तिच्या हाती लागलं तर ते वाक्य तुमचं नव्हतं हे तिला कळेल, तेव्हा हे पत्र मला ठेवताही यायचं नाही.