हिवाळ्यापुरती अदलाबदल

शेफील्ड, गुरुवार

प्रिय आई,

आपल्या लेनच्या सामानातून बाबांचा चाकू आणायला तू बजावलं होतंस. तो मी आणत नाही, म्हणून हे पत्र.

लेनचं दफन नीट पार पडलं. सख्खा भाऊ गेला, तरी मला अजून रडू आलेलं नाही. नुसत्या त्याच्या कपड्यांच्या घड्या घालते आहे. तुझा खोकला कसा आहे?

लेनच्या कोटात भलताच चाकू निघाला, शिंपल्याच्या मुठीचा. तो घेऊन काल त्याच्या चाकूवेड्या मित्रमंडळींकडे गेले. ही मंडळी हिवाळ्यापुरते आपले जुने चाकू आपसांत बदलून वापरतात. बाबांचा होता त्यांच्यातल्याच विनिफ्रेड स्टॅनिफोर्थकडे.

"दरवर्षी ही दोघं एकमेकांचाच घ्यायची," म्हातारा हॅरल्ड म्हणाला. "अंगठ्या कधी बदलताय, म्हणून आम्ही लेनला छळायचो."

"गप रे मेल्या," विनिफ्रेड म्हणाली. तिने चाकू टेबलावर ठेवला. "घ्या बाई, तुमच्या घरचा आहे." पण त्यावरचा हात काही उचलला नाही.

लेन एकटा पडला होता असं तू म्हणतेस. तसं नव्हतं.

तुझी,
मार्जरी

दिलं-घेतलं: बाबांचा शिंगाच्या मुठीचा चाकू विनिफ्रेडकडे राहिला. तिचा, लेनच्या कोटातला, तुझ्यासाठी आणते आहे.