सेम रेट, मॅडम

३ ऑक्टोबर, सोमवार

गुरुवार, ८ सप्टेंबर. सकाळचे अकरा वाजून चाळीस मिनिटं. बँक, कर्जाचं टेबल. तारीख आणि वेळ आधी लिहून ठेवते, कारण आज त्याच टेबलामागच्या त्याच टायवाल्यानं मला विचारलं, "असं मी कधी म्हटलं, मॅडम?"

म्हणालास. माझ्या डाव्या हाताला आम्ही विकत घेतोय त्या घराचे मालक कट्टी अण्णा होते, उजव्या हाताला माझी सुजाता. कर्ज मंजूर झालेलं, पत्र तिच्या पर्समध्ये. कट्टी अण्णांना नोंदणी पितृपक्ष संपल्यावर हवी होती. मी मुद्दाम विचारलं, तोवर व्याज वाढलं तर? तू म्हणालास, "सँक्शन इज सँक्शन, मॅडम. फिफ्टीन डेज मेक नो डिफरन्स. सेम रेट."

पक्षानंतर बँकेनं दिलेली पहिली तारीख आजची. कागदांवर सह्या करायला गेलो तर दर अर्धा टक्का वर. मंजुरीपत्राच्या मागच्या पानावर मुंगीएवढ्या अक्षरात आहे म्हणे, पैसे देण्याच्या दिवशी जो दर असेल तो. सु.च्या पगारात याहून मोठा हप्ता बसत नाही. मुदत वाढवावी तर आताच्या वीस वर्षांनीच ती अठ्ठावन्नची होते, हॉस्पिटलमधून निवृत्त. मग कर्जच कमी करायचं. लाखभरानं.

वर विचारतो, "घरात कोणी जेंट्स मेंबर आहेत का, सही करायला?"

"होते. आता भिंतीवर असतात."

सु.नं टेबलाखालून माझा पाय दाबला. घरी आलो. जिना चढताना थांबून थांबून. ती, मी नव्हे.

४ ऑक्टोबर, मंगळवार

सुट्टी. सु. तरी ड्यूटीवर, नर्सना कसली खंडेनवमी.

रागाचा वाटा नीट पाडायला हवा. सगळा टायवाल्याला देऊन चालणार नाही. पंधरा दिवस मी दिले.

आम्ही बौद्ध. घरात पक्ष नाही, मुहूर्त नाही. वडिलांनी ते सगळं सोडलं तेव्हा मी चालायलाही लागले नव्हते. नन्सच्या शाळेत प्रार्थना म्हटल्या, त्याही फक्त उच्चार सुधारतात म्हणून. अशा बाईनं पितृपक्षासाठी थांबावं!

पण जुलैत नवनगरला ते घर पाहायला गेलो तो दिवस. त्याआधी भाड्याची किती घरं झाली ते मोजत नाही. प्रत्येक दारात, चपला काढायच्या आत, कन्नडमध्ये, "याव मंदी री नीवु?" कुठली माणसं तुम्ही. मग "आमच्यात नॉनव्हेज चालत नाही," मग "पुतण्याला जागा लागणार आहे." कट्टी अण्णांनी कुठला नळ जोर लावून बंद करावा लागतो ते दाखवलं. पावसात कुठली खिडकी फुगते ते. सु.ला विचारलं, रात्रपाळीहून येताना बस कुठवर मिळते. करारासाठी आमची पूर्ण नावं वाचली, समजायचं ते समजले असणार, आणि स्वतःच्याच कपात चहा दिला. बस.

नंतर म्हणाले, "पक्ष मुगीली अक्का. पक्ष संपू दे. अप्पा, माझे वडील, याच घरात गेले. त्यांचं शेवटचं श्राद्ध इथं करतो, मग किल्ली तुमची."

मी म्हटलं, "आग्ली बिडरी." असू द्या.

रिक्षात सु.: "आई, तू हो म्हणालीस? तू?"

त्यांनी विचारलं नाही म्हणून. न विचारल्याचं बक्षीस दिलं मी, पंधरा दिवसांचं. ज्यासाठी कुणाचेही आभार मानायचं कारण नाही, त्यासाठी.

५ ऑक्टोबर, दसरा

संध्याकाळी क. अण्णा बन्नीची, म्हणजे शमीची, पानं घेऊन आले. एवढा जिना चढून, या वयात. "बन्नी तगोरी अक्का, बंगारधांग इरोण." सोन्यासारखे राहूया म्हणे. मी पानं घेतली आणि बँकेचं सांगून टाकलं.

टोपी हातात फिरवत म्हणाले, "माझ्यामुळं झालं."

"झालंच."

करार एकतीस तारखेपर्यंत. त्यांचा मुलगा बंगळूरहून रोज फोन करतो, रोख देणारं दुसरं गिऱ्हाईक तयार आहे, कशाला थांबताय अप्पा. महिनाअखेरीपुढे त्यांना थांबता येणार नाही. मी म्हटलं, "तुमच्या वडिलांना विचारून बघा, जेवून गेलेत ना नुकतेच."

बोलायला नको होतं. ते उठले, नमस्कार केला, भिंत धरत उतरले.

सु. जेवलीच नाही. म्हणाली, तुझी जीभ एक दिवस आपल्याला घराबाहेर काढणार. कुठलं घर, म्हणणार होते. गिळलं.

७ ऑक्टोबर, शुक्रवार

थेट शाखा मॅनेजरकडे. तो विचारतो, "लेखी काही आहे?"

आहे! सप्टेंबरची वही पर्समधून काढून टेबलावर ठेवली. रेल्वे ऑफिसात एकतीस वर्षं स्टेनो होते. खुर्चीतला माणूस बोलू लागला की माझा हात आपोआप चालतो. ८ तारखेचं पान, त्याचं वाक्य, शब्दाला शब्द.

मॅनेजरनं वही आधी उलटी धरली. मग सुलटी. "हे काय, उर्दू?"

"शॉर्टहँड."

"वाचणार कोण, मॅडम?" टायवाला दारात उभा होता, तोही हसला.

परत येताना इथल्या लॅमिंग्टन रोडवर शाळेच्या कंपाउंडपाशी टेकले. सकाळी डिक्टेशन, दुपारी टाइप, संध्याकाळी साहेबांची सही. सहीशिवाय एक ओळ माझ्या टेबलावरून हलली नाही. बदल्या झाल्या त्या साहेबांच्या मागे स्टेशनपर्यंत गेलेय सहीसाठी. आणि स्वतःच्या लेकीच्या घराच्या वेळी वाक्य उतरवून घेतलं, पर्सची चेन लावली, घरी आले. दुसऱ्याच दिवशी टाइप करून सहीला पाठवायला हवं होतं. ही चूक दुसऱ्या कुणाला करता आली नसती.

९ ऑक्टोबर, रविवार

आताच्या भाड्याच्या घराची मालकीण वर आली. आपणच तिला सांगून बसलोय की महिनाअखेर सोडतो. पुढच्या माणसांकडून तिनं ॲडव्हान्सही घेतलाय. "पक्का ना, टीचर?" टीचर नव्हते मी कधी. इंग्रजी पेपर वाचते म्हणून टीचर.

"पक्का," म्हटलं.

सु. म्हणते पर्सनल लोन काढू, व्याज जास्त, पण मिळेल. पगारात बसत नाही म्हणून ज्या बँकेनं कर्ज कापलं, तिचाच रोज फोन येतो, पर्सनल लोन घ्या. नाही म्हटलं. मग आवाज चढले. मग ती भांडी घासत बसली, घासलेलीच.

११ ऑक्टोबर, मंगळवार

कमरीपेठ. आमचे शॉर्टहँड क्लासचे सर अजून आहेत. क्लास बंद होऊन जमाना झाला, पाटी मात्र दारावर. काही न सांगता वही पुढे केली. भिंग काढलं, वही खिडकीकडे नेली.

"सँक्शन इज सँक्शन, मॅडम. फिफ्टीन डेज मेक नो डिफरन्स. सेम रेट." न अडखळता. जणू ते स्वतःच बँकेत बसले होते.

वर म्हणतात, "तुझ्या 'मेक'ची रेघ अजून आखूड येते. तेव्हाही सांगत होतो."

मग पुढच्या ओळीवर गेले. वाचता वाचता थांबले. मी काय लिहिलं होतं ते मी विसरले होते. "एस. हसली. घटस्फोटानंतर पहिल्यांदा. बाल्कनीत तुळस नाही, मोगरा लावणार म्हणते."

सर: "हेही टाइप करायचं?"

"नाही सर. तेवढं वगळा."

त्यांनी स्वतः मशीन काढलं. रिबन सुकलेली, दोनदा ठोकावं लागलं. खाली दाखला: वरील मजकूर मी शॉर्टहँडवरून वाचून अचूक उतरवला आहे. सही, जुना शिक्का. पैसे विचारले तर दार दाखवलं.

१३ ऑक्टोबर, गुरुवार

नवनगर. त्या दिवशीचं बोलणं कट्टींनी ऐकलं होतं, तसं लिहून द्या म्हणून गेले. आधी दसऱ्याच्या शब्दांची माफी मागितली. (सु.ला सांगायचं नाही.)

फोन स्पीकरवर होता. मुलगा: "अप्पा, बँकेच्या भानगडीत सही करू नका. ती माणसं कोण आपली?"

म्हाताऱ्यानं फोन जवळ ओढला. मग म्हणाला, "पक्ष माझा होता." आणि फोन ठेवला. निवेदनावर कन्नडमध्ये सही केली, पूर्ण नाव. मी आभार मानले नाहीत. या वेळी मानायचे होते.

एकतीस तारीख मात्र तीच. तेवढं त्यांनी पुन्हा सांगितलं, खाली बघत.

१४ ऑक्टोबर, शुक्रवार

सु. सकाळी निघताना म्हणाली, "आई, सोड आता. दमले मी." मी पण. गुडघे, डोळे, सगळं. तिला बसपर्यंत सोडलं आणि बँकेत गेले. पत्र, सरांचा दाखला, कट्टींचं निवेदन. काउंटरवरची मुलगी म्हणाली, ठेवून जा. नाही गेले. माझ्या प्रतीवर सही, शिक्का आणि वेळ घेतली, मगच हलले. शेवटचा परिच्छेद इथे उतरवून ठेवते:

"आपल्या अधिकाऱ्यानं दिलेल्या शब्दावर विसंबून आम्ही पंधरा दिवस थांबलो. ८ सप्टेंबरला सांगितलेल्या दरानं, मंजूर केलेली पूर्ण रक्कम माझ्या मुलीला देणार की नाही, एवढंच सांगावं. नकार असेल तर कारण आणि नकार देणाऱ्याचं नाव लिहावं. फोनवरचं उत्तर उत्तर धरलं जाणार नाही. आपण जे बोलाल ते मी उतरवून घेईनच, पण या वेळी खाली सही आपली हवी. लेखी उत्तर गुरुवार, २० ऑक्टोबर, संध्याकाळी पाचच्या आत माझ्या हातात मिळावं. मी शाखेतच बसलेली असेन."