वळणावरचे तीन दगड

२३ नोव्हें., रविवार

माहेरी येऊन चौथा दिवस. धानासाठी लॅबमधून रजा काढली आणि तिसऱ्याच दिवशी कंबर गेली. वहिनी पदर तोंडाला लावून हसते. म्हणे, "नागपूरवाल्या बाई, एखादी टेस्ट करून घ्या ना कमरेची."

धान यंदाही रस्त्यावरच वाळत टाकलंय. नवा हायवे गुळगुळीत आहे, दिवसभर तापतो. अंगणात दोन दिवस लागतात ते तिथे एका दिवसात वाळतं. सगळं गाव टाकतं. पारशिवनीकडे जाताना अर्धा रस्ता पिवळाच दिसतो. गाड्या धानावर चढू नयेत म्हणून कडेने दगड मांडायचे. संध्याकाळी धान गोळा करून ताडपत्रीखाली घातलं की दगड उचलून बांधावर टाकायचे. मागच्या वर्षी गावातल्या दोघांचं यावरून भांडण झालं होतं, तरी रस्ता तोच आणि धानही तिथेच.

शेवटची पोती ट्रॅक्टरवर चढवून दादा निघाला. जाता जाता ओरडला, "शोभे, गोटे उचलून ठेवजो वं." उचलले.

जेवायला भरीत-भाकर. दोन भाकरी जास्त खाल्ल्या, कमरेच्या नावानं.

२४ नोव्हें., सोमवार

ओळ सरळ येत नाही.

सका. साडेसहा. धुकं. मी वळणाकडे चालले होते. समोरून मोटरसायकल आली, दोन्ही बाजूंना दुधाच्या कॅन. लाईट लावलेला. हळू होती, कॅन एकमेकींवर आपटल्याचा आवाज ऐकू यावा इतकी हळू. मग चाक उडालं. माणूस पलीकडे पडला. डोकं

नंतर लिहिते.

दुपार. वहिनीनं साखरपाणी दिलं, ते उलटून पडलं.

धावले मी. तिशीचा असेल. कानाला मफलर, हेल्मेट नाही. रस्ताभर दूध. मला म्हणाला, "गाडी कोठी हाय?" मग म्हणाला, "पाणी." डोक्याला मार असताना पाणी देऊ नये, एवढं लॅबमध्ये वीस वर्षं काढल्यावर मला कळतं. पण तो मागत होता. ताडपत्रीजवळ कालची बाटली होती. दोन घोट गेले, तिसरा माझ्या ओढणीवर आला. मी ओरडत होते ते माझं मला नंतर कळलं, घसा बसलाय.

दादा शेतातून धावत आला. १०८ ला फोन त्यानं केला. गाडी यायच्या आधीच संपलं होतं.

फोन झाल्यावर दादानं आधी त्याच्याकडे पाहिलं, मग रस्त्याकडे, मग माझ्याकडे. दगड उचलले, एकेक करून, छातीशी धरून, आणि बांधापलीकडे टाकून आला. एक धुतला. का धुतला ते लिहीत नाही. त्यानंतर लोक जमले.

घरी येताना एवढंच म्हणाला, "तू काही पाहिलं नाई. धुकं होतं. समजलं का वं?"

दगड कोणाचे होते ते आज लिहायला होत नाही.

२५ नोव्हें., मंगळवार

लिहिते. नाही लिहिलं तर छाती फुटेल.

परवा 'उचलले' असं लिहिलंय ते खोटं आहे. सतरा होते, चौदा उचलले. वळणाकडचे तीन राहिले. कंबर ठणकत होती, वहिनीनं चहाला हाक मारली, म्हटलं चहा पिऊन उचलू. चहा पिऊन मोबाईल घेऊन बसले. काल पहाटे जाग आल्यावर आठवलं. दादाला दिसायच्या आत उचलून टाकू, बोलणी नकोत, म्हणून निघाले होते. चाळीसेक पावलं राहिली होती फक्त.

पहिल्या दगडावर चाक गेलं, दुसऱ्यावर डोकं. तिसऱ्याला काही झालं नाही, तो जिथल्या तिथे.

दुपारी जबाब घ्यायला हवालदार आला. ओट्यावर बसला. आधीच दोन ओळी लिहून आणल्या होत्या. "मॅडम, धुकं होतं, गाडी स्पीडमध्ये होती, कंट्रोल सुटला. असंच ना?" दादा दाराला टेकून उभा. मी हो म्हटलं. त्यानं जबाब वाचून दाखवला. 'भरधाव वेगाने' असा शब्द त्यात दोनदा होता. मी सही केली. आणि सही इतकी नीट आली की माझा मलाच राग आला.

संध्याकाळी गोठ्यात दादा म्हणाला, "मीच एक चक्कर मारून पाहाले पाहिजे होतं. तुले जड काम सांगितलं मी." मला ते ऐकवेना. म्हटलं, दादा, मला माहीत होतं तीन राहिलेत, विसरले नव्हते, कंटाळा केला. तो किती तरी वेळ गाईच्या पाठीवर हात फिरवत राहिला. मग म्हणाला, "चूप राय. कोनापाशी बोलू नको. दोघंबी अंदर जाऊ."

मला तुरुंगाची भीती वाटते. हे लिहायला लाज वाटते, पण सगळ्यात आधी तीच वाटते.

२७ नोव्हें., गुरुवार. जरीपटका, नागपूर

घरी आले. बस त्या वळणावरून जाते. डोळे मिटून घेतले, तरी वळण कळलंच, बस कलते तिथे.

इथे बाजारात दुकानांपुढे लोक दगड मांडून ठेवतात, दुसऱ्यानं गाडी लावू नये म्हणून. इतकी वर्षं राहते, कधी दिसले नव्हते. आज एकामागून एक दिसत गेले. एक उचलून मी गटाराच्या कडेला ठेवला. दुकानदार धावत आला, "ओ मॅडम, क्या कर रहे हो? वो अपना पत्थर है!" निघून आले. वेडी म्हणाला असेल.

हे विचारतात, "काय झालं तुले? जेवून नाई राहिली." अपघात पाहिला एवढंच सांगितलंय. सगळं सांगितलं तर हे एक तर म्हणतील चूप बस, नाही तर म्हणतील जाऊन सांग. दोन्हीला मी तयार नाही.

२९ नोव्हें., शनिवार

लॅबमध्ये रक्त काढताना नस सापडेना. एका आजीला तीनदा टोचलं. बिचारी मलाच म्हणाली, "राहू द्या बाई, आराम करा तुम्ही."

अनोळखी नंबर. उचलला नाही. परत आला. संडासात जाऊन कडी लावून बसले. कुरियरवाला होता.

अशा गुन्ह्याला शिक्षा काय, ते मोबाईलवर शोधलं. वाचलं. मग शोधल्याचं पुसून टाकलं. म्हणजे मी आता असले पुरावेही पुसायला लागले. दादानं दगड धुतला, मी मोबाईल. एकाच घरचे शोभतो.

१ डिसें., सोमवार

दादाचा फोन. त्याच्या आवाजाची पट्टीच बदललीय, शेजारी कोणी बसल्यासारखा बोलतो.

त्या माणसाचं नाव मंगेश. पलीकडच्या गावचा. आतापर्यंत मी नाव विचारलंच नव्हतं. त्याच्या आईनं निरोप धाडलाय: ज्या बाईनं माझ्या पोराच्या तोंडात शेवटचं पाणी घातलं ती तेरवीला आली पाहिजे, तिला जेवू घातल्याशिवाय मी घास घेणार नाही.

दादा म्हणाला, "तब्येत बरी नाई म्हणून सांगतो मी. तू येऊ नको." वहिनीनं फोन हिसकला. "नाई आल्या तर लोक विचारतील काहून नाई आल्या. या, पाया पडा, दोन घास खा, जा."

पाण्याचा मान. कोणी शिव्या दिल्या असत्या तर सोसल्या असत्या.

४ डिसें., गुरुवार

वहिनी तिकडे जे ऐकलं ते फोनवर सांगत होती. मंगेशचा बाप पोराचं नाव घेत नाही. त्याला पोलिसांनी लिहिलेलं कोणी तरी वाचून दाखवलं, भरधाव वेगाने. तेव्हापासून जो येईल त्याला सांगतो, "शंभर वेळा सांगलं हळू चालव म्हणून. आयकलं नाई. आपल्या करणीनं मेला." आई म्हणते माझा पोरगा कधी जोरात चालवत नव्हता, दूध सांडायचं. यावरून दोघांची बोलाचाली बंद. एकाच घरात, पोर जाऊन दहा दिवस झाले, आणि बोलत नाहीत.

दूध सांडायचं. खरंच. भरल्या कॅन घेऊन कोण जोरात जाईल? हे हवालदाराला सुचलं नाही. मला माहीत होतं आणि मी सही केली.

माझा दगड मी मेलेल्या माणसाच्या डोक्यावर ठेवला, दुसऱ्यांदा. त्याला तर आता जबाबही देता येत नाही.

झोप नाही. ह्यांना म्हटलं, शनिवारी जाऊन येते. "मी येऊ का संगं?" म्हणाले. नको म्हटलं, आणि मग वाटलं, हो म्हणायला हवं होतं.

६ डिसें., शनिवार

दादाच्या गाडीत बसून लिहितेय, मंगेशच्या घरापुढे. दारं लावून घेतलीत. पंगत सुरू आहे.

आत गेले. फोटोत तो हसतोय, गळ्यात तोच मफलर. आई उठून आली. माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनीच मोठी असेल. माझे दोन्ही हात धरले, डोळ्यांना लावले. "ह्याच हातानं ना?" मी मान हलवली. मला शेजारी बसवलं, मांडीवर साडी ठेवली. मी नको नको म्हणत होते. "नाई म्हणू नका. माह्यापाशी दुसरं काय हाय तुमाले द्याले?"

विचारलं, काय बोलला? म्हटलं, गाडी विचारत होता. ती हसली आणि रडली. "गाडीवर लई जीव होता त्याचा."

बाप खांबाला टेकून बसलेला, आमच्याकडे पाठ. ती त्याच्याकडे बोट करून म्हणाली, सगळ्यांदेखत, "हे म्हणते का पोरगा जोरात होता म्हणून गेला. तुमी होत्या ना तिथं बाई. यायले सांगा. जोरात होता का माहा मंगेश?"

दादानं मागून माझ्या कोपराला हात लावला. त्याचा हात बर्फासारखा गार होता.

मी म्हटलं, "नाही. हळू होता. फार हळू होता."

माझाच आवाज, पण दुसरीकडून आल्यासारखा. आई म्हणाली, "पाहा! म्हटलं नव्हतं मी?" बाप वळला. मग फोटोकडे पाहून "मंग्या रे" म्हणाला आणि असा रडला की बायका आतून धावत आल्या. तेरा दिवसांचं एकदम. ती त्याची पाठ चोळत होती. मला वाटलं, झालं, आता सुटले, आता जाऊ द्या मला.

मग बापानं तोंड पुसलं आणि मला विचारलं, रागानं नाही, खरंच कळत नसल्यासारखं, "हळू होता तं मंग पडला कसा?"

मी उठून बाहेर आले. दादा मागोमाग. खिडकीशी वाकून म्हणाला, "शोभे, हात जोडतो तुले. रेतीत गाडी घसरली म्हण, कुत्रं आडवं आलं म्हण, काहीबी म्हण." त्याच्या डोळ्यांत पाणी. साठीला आलेला माझा भाऊ. त्याला काय होईल मी बोलले तर? दगड त्यानं उचलले, सगळ्यांनी त्याला तिथे पाहिलंय. माझ्याबरोबर तोही जाईल.

इतके दिवस भीती होती, कोणी विचारेल. आता विचारलंय.

काचेतून दिसतंय. बाप येतोय इकडे. एका हातात वाढलेलं ताट, दुसऱ्यात पाण्याचा तांब्या, सांडू नये म्हणून हळूहळू. दादा त्याच्या आडवा जायला निघालाय, हात पुढे करून, ताट द्या माझ्याकडे म्हणत असावा. बाप देत नाही. मान हलवून माझ्याकडे दाखवतोय.

वही ठेवते. काच खाली घेते.