रेकॉर्डच्या पेटीचं झाकण

आबा, तुमच्या रेकॉर्डच्या पेटीचं झाकण परवा एका माणसाच्या हातावर पडलं. पडलं कसलं, मी आपटलं. सारंगखेड्याच्या यात्रेत, भर दुपारी, घोडेबाजाराकडं जाणाऱ्या रस्त्यावर, गिऱ्हाईक समोर उभं असताना. पेटी तीच आहे, लोखंडी, झाकणाच्या कडेला पत्र्याची धार असलेली. मी तिला निळा रंग दिलाय एवढंच. तुम्ही जाऊन कितीतरी वर्षं झाली आणि या सगळ्या काळात मला तुम्हाला एक ओळ लिहावीशी वाटली नाही. तुम्ही जिवंत असताना लिहिली असती तर तुम्ही ती न वाचता चुलीत घातली असती. आता ती भीती नाही, म्हणून बसलोय.

मी काय धंदा करतो ते ऐकून तुम्हाला हसू येईल. रेकॉर्डला बोट लावलं तरी ज्याला तुम्ही फोडून काढायचात, तोच मी आता जुन्या रेकॉर्डी गोळा करून विकतो. निम्मं आयुष्य सुरतेत, बडोद्यात, मुंबईच्या हॉटेलांत आणि कॉलेजांच्या मैदानांवर इलेक्ट्रिक गिटार वाजवली. दणदणीत, कानठळ्या बसवणारी, तुम्ही जिला पत्रे कुटणं म्हणाला असतात ती. केस पिकले, डावा कान जवळजवळ गेला, बॅन्डमधले दोघं वारले, तेव्हा गावी परतलो. आता नवापूरला चर्चच्या आसपासच्या घरांत, नंदुरबारच्या भंगारवाल्यांकडं, जुन्या माईकवाल्यांच्या माळ्यांवर हिंडतो. तबकडी उजेडात तिरकी धरून बघतो, साबणाच्या पाण्यानं धुतो, सावलीत सुकवतो, मग सुई ठेवून ऐकतो. आपल्या भागातली रेकॉर्ड मी डोळे झाकून ओळखतो. लग्नात वाजलेली असेल तर पहिल्या गाण्याची जागा पार खरडलेली असते, मागची बाजू कोरी करकरीत असते, आणि मधल्या कागदावर कुणाच्या तरी अंगठ्याची हळद असते. ती हळद मी पुसत नाही. शहरातली पोरं तिचे जास्त पैसे देतात.

लग्नांत कर्णे लावून रेकॉर्डी वाजवायचा तुमचा माईकचा धंदा मला आठवतो तो मारामारीसकटच. तुम्ही वायरीनं मारायचात. माईकची काळी वायर, दुहेरी केलेली. आईला वायर लागली नाही, तिला हात आणि चपला. स्वयंपाकघरात ती भाकरी थापत असताना तुम्ही तिच्या पाठीत लाथ घातलीत आणि तिचा हात तव्यावर टेकला, तो वास मला अजून येतो. भाजलेल्या भाकरीचा वास आला की आधी तो वास येतो, म्हणून मी आयुष्यभर पोळी खाल्ली. हे तुम्हाला कुणी सांगितलं नसेल, आता ऐका.

आणि तरी त्याच तुम्हाला मी एका लग्नात वेगळं पाहिलंय. नवरीकडच्यांची फर्माईश आधी लावायची की नवरदेवाकडच्यांची, यावरून मांडवात जुंपली होती. दोन्हीकडचे प्यालेले. आधी शिव्या, मग मांडवाचे बांबू उपटले. एका म्हाताऱ्याचं डोकं फुटलं, कर्णा खाली येऊन एका बाईच्या खांद्यावर पडला. लोक आपल्या टेबलाकडं वळले तेव्हा तुम्ही पळाला नाहीत. पेटीचं झाकण लावलंत आणि पेटीवर पालथे झोपलात. बांबू पाठीवर पडत होते आणि तुम्ही पेटीला दोन्ही हातांनी मिठी मारून होतात. मी टेबलाखालून बघत होतो. घरी आल्यावर आईनं पाठीला हळद-तेल लावलं, तेव्हा तुम्ही कण्हलातही नाही, फक्त आतली एक रेकॉर्ड फुटली म्हणून दोन दिवस जेवला नाहीत. रेकॉर्डीवर एवढं प्रेम करणारा माणूस माणसांना असा का मारायचा, हे मला अजून कळलेलं नाही.

माझ्यावर पाळी आली ती कॉलेजच्या पहिल्या वर्षी. नवापूरच्या एका वर्गमित्राकडून मी चर्चमधली जुनी गिटार आणली होती आणि त्याच्याच मामानं सुरतेहून आणलेली एक इंग्रजी एल.पी. तुम्ही शहाद्याला गेला होतात. मी दुकानात तुमच्याच मशिनवर ती लावली, कर्णा जोडून, पूर्ण आवाजात, आणि वर गिटार ओढत बसलो. बघता बघता दुकानासमोर गर्दी झाली. शेजारच्या गल्लीतला माझा मित्र, जो तेव्हा नुकता चाव्यांचा बँजो शिकत होता, तो फळीवर बसून मान हलवत होता. तुम्ही कधी आलात ते आवाजात कळलं नाही.

"हाई काय लाई ठेयेल शे?" एवढंच तुम्ही विचारलंत. मग मशिनवरून ती तबकडी उचललीत आणि गुडघ्यावर आपटलीत. तुमचा हात लाखेच्या जुन्या रेकॉर्डींवर बसलेला. त्या गुडघ्यावर घेतल्या की एका दणक्यात दोन तुकडे. रागात तुम्ही किती फोडल्या असतील देव जाणे. पण ही पातळ, नव्या मालाची. ती वाकली, तुम्ही जोर लावलात, ती हातातून सटकली आणि उलटी येऊन तुमच्याच तोंडावर बसली. ओठ फाटला. दातांवरून रक्त हनुवटीवर आलं. आणि गर्दी हसली, आबा. सगळ्यांत मोठ्यानं फळीवरचा माझा तो मित्र हसला. मी हसलो नव्हतो. पण तुम्ही माझ्याकडंच बघितलंत.

पुढचं तुम्हाला माहीत आहे, तरी लिहितो. तुम्ही माझा डावा हात मनगटाला धरलात, पेटीच्या कडेवर ठेवलात आणि झाकण आणलंत. एकदा. मग मी हात ओढू लागलो तर पुन्हा. करंगळीशेजारचं बोट मधल्या सांध्यात चेचलं, नख उपटून पेटीतच राहिलं. तुम्ही झाकण उचललंत, फाटक्या ओठानं म्हणालात, "आते वाजाड." गर्दीतलं कुणी हललं नाही.

ते बोट तेव्हापासून आकड्यासारखं वाकडं आहे, उघडत नाही, मिटत नाही. आणि गंमत अशी की त्याच बोटानं मला नाव मिळवून दिलं. त्याच्या आकड्यात तार अडकवून मी अशी ओढायचो की बाकीच्यांना ती लकब जमायचीच नाही. लोक विचारायचे, बोटाला काय झालं. सुरुवातीला टाळायचो. मग एकदा बडोद्याला स्टेजवर, तार तुटली म्हणून वेळ काढायला, मी सगळं सांगितलं, झाकणासकट. पोरं चवताळली, मग टाळ्या पडल्या. तेव्हापासून प्रत्येक कार्यक्रमात सांगू लागलो. "आते वाजाड" हे मी तुमच्या आवाजात म्हणायचो आणि लगेच गाणं सुरू करायचो. तुम्ही गेलात त्या आठवड्यातही मी ते सांगितलं. हे म्हणताना मला लाज वाटत नाही. तुम्ही मोडलंत, मी वापरलं.

आता परवाचं. यात्रेत मी दरवर्षी गाळा लावतो, माझी मुलगी सोबत असते. मोबाईलवर फोटो टाकणं, ऑर्डरी घेणं तीच बघते. माझा तो मित्रही येऊन बसतो. आता तोही म्हातारा झालाय, पण लग्नाच्या बँजो पार्टीत अजून वाजवतो, पार साक्रीपासून त्याला बोलावणं येतं. आम्ही दोघं पन्नास वर्षांचे दोस्त. नाशिकहून आलेली चार-पाच पोरं रेकॉर्डी चाळत होती. त्यांना ती वाकडी एल.पी. सापडली. हो, ती मी ठेवली आहे, विकायला नव्हती, पेटीत तळाशी होती. पोरांनी विचारलं ही अशी का. मित्रानं ती हातात घेतली, उभा राहिला आणि नक्कल करून दाखवू लागला. "याना बापनी हाई रेकॉर्ड गुडघावर मोडाले लिधी, अन् तीच उलटी त्यानाच थोबाडवर बसनी." त्यानं ओठ लोंबवून तुमचा चेहरा केला. पोरं हसली. रस्त्यानं जाणारे घोडेवाले थांबले, तेही हसले.

तोच आवाज होता, आबा. दुकानासमोरचा. माझ्या डोक्यात काही फुटलं आणि मी आधी त्याच्या कानाखाली वाजवली. तो पेटीवर कोसळला, सावरायला त्यानं डावा हात पेटीच्या कडेवर टेकला, आणि मी झाकण आणलं. दोन्ही हातांनी, सगळा भार टाकून. हाड मोडल्याचा आवाज मला माझ्या गेलेल्या कानानंही ऐकू आला. त्याच्या मधल्या बोटातून पांढरं बाहेर आलं होतं. रक्त रेकॉर्डींच्या कागदी पाकिटांवर उडालं. आणि मी थांबलो नसतो. मुलीनं मागून माझे केस धरून ओढलं म्हणून थांबलो. जन्मभर तुमच्या नावानं बोटं मोडली आणि हात उचलला तो तुमच्यासाठी. तुम्हाला हसले म्हणून. याचा मला जितका राग येतो तितका तुमच्या वायरीचाही आला नव्हता.

बंदोबस्ताचा पोलीस आला. मित्र हात पोटाशी धरून बसला होता, तोंड राखेसारखं झालं होतं. तो म्हणाला, "झाकन पडनं, साहेब." पोलीस माझ्याकडं बघून निघून गेला. मुलीनं मित्राला गाडीत घातलं. दार लावण्याआधी तिनं मला विचारलं, "पप्पा, आजोबा बी असाच मारेत का?" उत्तराची वाट न बघता ती गेली. आणि मी काय केलं? मी रेकॉर्डी पुसत बसलो. रक्त वाळलं तर पाकीट चिकटतं म्हणून.

आज सकाळी शहाद्याच्या दवाखान्यातून तिचा फोन आला, कामापुरता. मित्राच्या दोन बोटांचे सांधे चेचलेत, ते पुन्हा वाकायचे नाहीत, उद्या सकाळी डॉक्टर सळ्या घालून बोटं सरळ करून पक्की करणार. डॉक्टरांनी त्याला कामधंदा काय विचारलं तर तो म्हणाला, आता काही नाही. एवढं सांगून तिनं फोन ठेवला. त्यानंतर तिनं माझा फोन उचललेला नाही आणि मित्राचा बंद आहे.

सरळ बोटांनी बँजोची चावी दाबता येत नाही. सरळ बोट आडवं पडतं, दोन चाव्या एकदम दाबतं. बोट कायमचं ताठ होणार असेल तर ते सरळ ठेवायचं की वाकडं, असं विचारायचं असतं हे त्याला कोण सांगणार? डॉक्टरांनी काम विचारलं होतं, त्यानं लपवलं. मला हे माहीत आहे, कारण मला ते एकदा विचारलं गेलं होतं. मला नाही, तुम्हाला.

माझं बोट चेचल्यावर तुम्हीच मला डोंगरात, मोलगीला नेलंत. एसटीनं अक्कलकुव्यापर्यंत, पुढं लाकडाच्या ट्रकमधून, माझा हात तुमच्या मांडीवर, तुमच्या धोतराच्या फडक्यात. तुमचा ओठ सुजून काळा पडला होता. होळीच्या दिवसांत तुमचा माईक डोंगरात जायचा, तिथला हाड बसवणारा म्हातारा तुमच्या ओळखीचा होता. त्यानं बोट चाचपलं आणि तुम्हाला बाजूला न नेता, माझ्यासमोरच सांगितलं, सांधा गेला, आता जसं बांधीन तसंच राहील. सरळ बांधू का वाकडं, म्हणाला. सरळ असलं तर खिशात हात घालायला बरं. तुम्ही माझ्या हाताकडं बघितलंत. मग म्हणालात, "वाकडंच बांध. त्याले तार दाबनी शे."

म्हातारा बांबूची कामटी कापू लागला. तुम्ही स्वतः माझं बोट धरून त्याला दाखवलंत, एवढं, याहून कमी नको. मी दुखण्यानं बेशुद्ध होता होता ते ऐकलं. परतताना अक्कलकुव्याच्या स्टँडवर तुम्ही भजी घेतलीत, पुडा माझ्या मांडीवर ठेवलात आणि तोंड फिरवून उभे राहिलात. नंतर तुम्ही गिटारबद्दल चकार शब्द काढला नाहीत, आणि आईला मारणंही सोडलं नाहीत. त्यामुळं मी तुम्हाला माफ केलंय असं समजू नका. केलेलं नाही.

पण बोट कुणी मोडलं ते मी हजारो लोकांना सांगितलं. कुणी बांधून घेतलं ते एकालाही नाही. बायकोला नाही, मुलीला नाही, या मित्रालाही नाही. सांगितलं असतं तर टाळ्या पडल्या नसत्या, आणि तुमच्याबद्दलचा राग जरा ढिला पडला असता. तो मला ढिला करायचा नव्हता.

शहाद्याची शेवटची गाडी थोड्या वेळात सुटेल. मुलगी मला दारातूनच परत पाठवेल, मित्र तोंड फिरवेल. ते मी बघून घेईन. डॉक्टरांसमोर उभं राहून तुमचं वाक्य मला पहिल्यांदाच मोठ्यानं म्हणायचं आहे, तारेच्या जागी फक्त चावी म्हणायची. हा कागद पेटीतच ठेवतो, त्या वाकड्या रेकॉर्डच्या पाकिटात. झाकण हळू लावतो.