बाबा ट्रॅकवर कधी उतरले

लेस्टर,
२० ऑगस्ट २००६

ती. अलका आत्यास,
स्वरालीचा सा. न.

वि. वि. तुझं पत्र आलं. फोनवर माझं काय होतं ते तुला माहीतच आहे. हं, हो, बरं, आईला देते. म्हणून लिहिते. चुका झाल्या तर हसू नकोस. इथे आल्यापासून मराठी फक्त तुलाच लिहिते.

बातमी अशी की मी रेसच्या फायनलमध्ये आलेय! पुढच्या सोमवारी, बँक हॉलिडेच्या सुट्टीला, ब्रॅडली पार्कच्या ट्रॅकवर. गॅरेजवाल्या कॉलिनला माझ्यापेक्षा जास्त टेन्शन आहे. दिवसभर गॅरेजमध्ये एमओटीच्या, म्हणजे वार्षिक तपासणीच्या, गाड्या असतात, त्या संपल्या की आम्ही दोघं आमची मिजेट उघडून बसतो. तू विचारलं होतंस ना, ती दिसते कशी. बाथटबला बाहेरून चार चाकं लाव, मागे इंजिन ठेव, झाली मिजेट. चाकांवर काहीच झाकण नसतं. त्यामुळे चाकाला चाक लागलं की गाडी उडते. हे बाबांना सांगू नकोस. ट्रॅक अंड्यासारखा, छोटा, आणि पूर्ण वेळ फक्त डावीकडे वळायचं.

एप्रिलमध्ये तू इथे बसून जे ठरवून दिलंस ते बाबांनी काल परत म्हणून दाखवलं. फायनल जिंकले तर पुढच्या वर्षीच्या रेसिंग लायसन्सवर ते सही करणार. नाही जिंकले तर सप्टेंबरमध्ये मी कॉलेजला. मला अठरा व्हायला अजून वर्ष आहे, आणि कॉलिन काय वर्षभर सीट रिकामी ठेवणार नाही. बाबांना वाटलं होतं मी फायनलपर्यंत येणारच नाही.

मला अभ्यास येत नव्हता असं नाही गं. उभं राहून बोलायची वेळ आली की घसाच बंद व्हायचा, आणि मग सगळा वर्ग वाट बघत बसायचा. हेल्मेट घातलं की कोणी काही विचारत नाही.

सोमवारी बाबा पहिल्यांदाच बघायला येणार आहेत. आई म्हणते तिला बघवणार नाही, ती डबा देईल.

लोभ आहे तो राहू दे, निकाल काहीही लागो.
तुझी
स्वराली


ईलिंग,
२३ ऑगस्ट

चि. स्वरालीस,
अनेक आशीर्वाद.

बाथटबात बसून गोल गोल फिरायचं आणि निघालो तिथेच परत यायचं, एवढंच असेल तर इकडे ये. मी भुयारी रेल्वेच्या सर्कल लाइनचं तिकीट काढून देते, दिवसभर फीर. वर पाऊसही लागणार नाही.

चेष्टा पुरे. जिंकलीस तर अंबरीश सही करेल. तो माझा धाकटा भाऊ आहे आणि शब्द देऊन फिरणं त्याला माहीत नाही. शाळेत खिडकीची काच फोडली तेव्हा कोणी विचारायच्या आत स्वतःच जाऊन सांगून आला आणि छड्या खाल्ल्या. मी तेव्हापासून त्याला बावळट म्हणते. हरलीस तर मात्र तोंड न पाडता कॉलेजला जायचं. तोही शब्दच आहे, आणि तो तू दिलायस.

त्याला टोपी घालायला लाव. उन्हात त्याचं डोकं दुखतं आणि मग हा डॉक्टर सगळ्या जगाला तपासत सुटतो.

माझी इथल्या मराठी मंडळात आठवण काढतात तशी तूही काढत जा, एवढंच मागणं.
तुझी
आत्या


लेस्टर,
३० ऑगस्ट

ती. आत्यास,
सा. न.

आईने तुला फोनवर सांगितलंच असेल की मी हरले. तिला नीट माहीत नाही. मी नीट सांगते.

शेवटचा लॅप होता. मी पहिली. डॅरेन माझ्या मागे, अगदी चिकटून. त्याच्या मागे काइल. हा काइल म्हणजे रेसवाल्यांतला एकच जो माझ्याशी बोलतो, बर्गर व्हॅनवर मला त्याच्यातले चिप्स देतो. पलीकडच्या बाजूला काइलचं पुढचं चाक डॅरेनच्या मागच्या चाकावर चढलं आणि काइल उडून भिंतीवर आदळला आणि मधल्या गवतात पडला. ते माझ्या मागे झालं, मला दिसलं नाही. मी शेवटच्या वळणातून बाहेर आले तर समोर ट्रॅकवर बाबा.

खरंच बाबा. निळा शर्ट, आणि टोपी, तू सांगितलेली. कठड्यावरून उतरून ते ट्रॅक ओलांडून काइलकडे पळत होते. मी ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला. उचलायचा असं ठरवलं नाही, उचलला गेला. तेवढ्यात डॅरेन आतून गेला आणि लाइन त्याने आधी ओलांडली.

आता भांडण कशाचं ते सांगते. लाल लाइट लागला की रेस तिथेच संपते आणि त्याच्या आधीचा पूर्ण लॅप धरतात. त्या लॅपला मी पहिली होते. म्हणजे आम्ही लाइन ओलांडायच्या आधी लाल लागला असेल तर मी जिंकले, नंतर लागला असेल तर डॅरेन. लाइटवाला म्हणाला की ट्रॅकवर माणूस दिसल्याबरोबर त्याने बटण दाबलं. पण आम्ही तेव्हा कुठे होतो ते त्याला सांगता येईना. मी लाइटकडे बघितलंच नाही, मी बाबांकडे बघत होते. डॅरेन म्हणतो त्याला माणूसबिणूस कोणी दिसलाच नाही, माझी गाडी तेवढी दिसली.

म्हणून रेसच्या साहेबांनी ऑफिसच्या पोर्टाकॅबिनमध्ये बाबांनाच विचारलं की तुम्ही कधी उतरलात. त्यांच्या शर्टावर काइलचं रक्त होतं. बाबा अगदी शांतपणे म्हणाले की दोन्ही गाड्या लाइनच्या पुढे गेल्या, ते नीट बघितलं, आणि मगच उतरलो.

आत्या, ते खोटं आहे. मी त्यांच्यासाठीच पाय उचलला ना. मग मला विचारलं. मी उभी राहिले आणि घसा बंद. नुसती मान हलवली. हो म्हणून हलवली की नाही म्हणून, मलाच माहीत नाही. कप डॅरेनला दिला. डॉक्टरांना कशाला खोटं बोलायचंय, तेही स्वतःच्या मुलीविरुद्ध, असं तो मुख्य साहेब म्हणाला.

पण त्यांना बोलायचं होतं. तेवढं तुला आणि मला माहीत आहे. गाडीत बसल्यावर त्यांनी विचारलं की कॉलेजचं एनरोलमेंट कधी आहे.

काइलच्या मानेचं हाड मोडलंय. हातपाय हलतात. बाबांनी डोकं धरून ठेवलं म्हणून वाचला असं सगळे म्हणतात, आणि मला येऊन थँक्यू म्हणतात. मी काय बोलू?

मी बाबांशी बोलत नाहीये. त्यांना फरक कळला असेल की नाही कोण जाणे, आधी तरी मी कुठे बोलायचे.

तू तरी माझ्यावर विश्वास ठेव, लोभाचं नंतर बघू.
स्वराली


ईलिंग,
१ सप्टेंबर

चि. अंबरीशास,
अ. आ.

स्वरालीचं पत्र आलं. ती म्हणते तू खोटं बोललास. ज्या पोरीला दुकानात दूध मागायची लाज वाटते ती पान भरून असं लिहिते, तेव्हा मी तुझ्यापेक्षा तिचं खरं धरणार. तरीही तुला विचारते, कारण आयुष्यभर मी लोकांना तुझ्या छड्यांची गोष्ट सांगत आले आहे.

फोन करू नकोस. फोनवर तू डॉक्टर होतोस, मला झोपेची चौकशी करून गप्प करतोस. लिही.

तुझी काळजी वाटते, रागही आला आहे. दोन्ही पोचते करते.
ताई


लेस्टर,
५ सप्टेंबर

ती. ताईस,
सा. न.

स्वराली खरं सांगते.

मी उतरलो तेव्हा गाड्या वळणावर होत्या. मला दिसल्या. वाटलं, आपण आधी निघून जाऊ. ए अँड ईमध्ये, अपघात विभागात, इतकी वर्षं काढल्यावर पडलेला माणूस दिसतो आणि मधलं काही दिसत नाही. अर्ध्यात पोचलो आणि दोन इंजिनांपैकी एकाचा आवाज एकदम खाली आला. मी वळूनसुद्धा पाहिलं नाही. पण कळलं, की ही आपली.

मग मी त्या मुलाचं डोकं दोन्ही हातांत धरून गवतात बसलो. हलू नकोस म्हटलं तर तो विचारतो की कोण जिंकलं. मान मोडलीय, तोंडात रक्त आहे, आणि हे विचारतो. ताई, अशी पोरं माझ्याकडे रोज येतात, माझा हात कधी हलत नाही. त्या दिवशी मला हेल्मेटच्या आत स्वराली दिसत होती.

तिथून उठून मी त्या केबिनमध्ये गेलो. मला एकच प्रश्न विचारला. खरं सांगितलं असतं तर ती जिंकली असती आणि पुढच्या वर्षी तसल्याच गाडीत बसली असती, माझ्या सहीने. दुसऱ्या कोणाची मुलगी असती तर मी खरं बोललो असतो.

हे इथवर मला पटतं. पुढचं पटत नाही. तिने पाय उचलला नसता तर मी आज तुला लिहीत नसतो. तिला जी शिक्षा झाली ती मला वाचवल्याची, आणि ती मीच दिली. घरी ती माझ्यासमोर ताट ठेवते आणि निघून जाते. मी काय करू ते सांग. तू सांगशील ते करीन.

रागाच्या जोडीला थोडी माया ठेव.
अंबरीश


ईलिंग,
७ सप्टेंबर

अंबरीश,

हे मला कशाला लिहिलंस? तिला सांग. आणि जिथे खोटं बोललास तिथे जाऊन सांग. तुझं पत्र मी तिला दाखवणार नाही, पळवाट मिळायची नाही.

ताई


लेस्टर,
१८ सप्टेंबर

ती. आत्यास,
सा. न.

तू बाबांना काय लिहिलंस ते ते सांगत नाहीत. शुक्रवारी ते गॅरेजमध्ये आले. मी गाडीखाली होते. ते वाकून, तसेच, माझ्या बुटांशी बोलले. सगळं सांगितलं. मला बरं झालं, चेहरा दिसत नव्हता. ते गेल्यावरही मी बराच वेळ बाहेर आले नाही. कॉलिनने चहा खाली सरकवला.

काल ते मला घेऊन ब्रॅडली पार्कला गेले. त्याच पोर्टाकॅबिनमध्ये सगळ्यांसमोर सांगितलं की मी आधीच उतरलो होतो, त्या दिवशी खोटं बोललो, मुलीने गाडी चालवू नये म्हणून बोललो. डॅरेनचे वडील उसळलेच. म्हणाले की हे बापलेकीने घरी बसून ठरवलंय, आणि हा कसला डॉक्टर. मुख्य साहेब बाबांशी चांगले वागले. पण म्हणाले की ज्या माणसाने एकदा शब्द फिरवला त्याचा दुसरा शब्द आम्ही कसा धरायचा. निकाल डॅरेनचाच राहिला. प्रेक्षक असून ट्रॅकवर उतरले म्हणून बाबांना आता गेटच्या आत यायची बंदी.

बाबांना असं उभं राहून ऐकताना मी कधी बघितलं नव्हतं. मला कप नको झाला, तिथून त्यांना घेऊन घरी जायचं होतं फक्त.

काइलला मी हॉस्पिटलमध्ये भेटले. मानेला मोठी लोखंडी फ्रेम लावलीय. तो म्हणतो परत चालवणार. त्याची आई खोलीतून बाहेर गेली.

आता खरं लिहायचं ते. परत येताना बाबांनी पेट्रोल पंपावर गाडी थांबवली, खिशातून लायसन्सचा फॉर्म काढला आणि बॉनेटवर ठेवून सही केली. मी म्हटलं की ठरल्याप्रमाणे मी हरलेय. ते म्हणाले की हरली नाहीस, ते आपल्या दोघांना माहीत आहे. फॉर्म हातात दिला पण सोडला नाही. म्हणाले की त्या दिवशी डॅरेन तुझ्या मागे हातभर होता. तू पाय उचललास तेव्हा तो तुझ्या चाकावर चढला असता, काइलसारखं तुझं झालं असतं. तो आतून गेला हे नशीब. तेव्हा आता एकच कबूल कर. यापुढे ट्रॅकवर कोणीही दिसो, मी दिसलो तरी, तू पाय उचलायचा नाहीस.

मी हो म्हटलं. मग त्यांनी फॉर्म सोडला.

आत्या, मी खोटं बोलले. तुला सांगितलंय, त्यांना कळू देऊ नकोस.

लोभ आमच्या दोघांवरही सारखाच ठेव, सध्या बाबांवर थोडा जास्त.
तुझी
स्वराली