बाबांचं 'जरा'

१२ मार्च

प्रिय बंधुराज,

आम्ही सगळे मजेत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. स्वयंपाकघरातला नळ पुन्हा गळतोय. चिमीचा पुढचा दात पडला, त्यामुळे बाईसाहेब हल्ली तोंडावर हात ठेवून हसतात. तू माझा फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र.

बाबा सांभाळायचे ती फरश्यांची भट्टी आता तुझ्या यंत्रावर छान चालली आहे. पहिला घाणा कच्चा निघाला होता, आठवतं? बाबांनी सांगितलं होतं, "भट्टीचा लाल रंग जरा पिवळा झाला, की हवा कमी करायची." तू ते 'जरा' चारचौघांचं धरलंस आणि यंत्र हवा फार लवकर कमी करायला लागलं. मग तू भट्टीपाशी ठाण मांडून बसलास, बाबांचा हात झडपेकडे नेमका कधी जातो ते बघत. जेवताना म्हणालास, "ताई, या माणसाचं 'जरा' म्हणजे आपलं 'भयंकर' गं." बाबासुद्धा हसले होते.

यंत्र शिकलं आणि मालकांनी बाबांना घरी बसवलं. "माझं बोलणं काढून यंत्राला दिलंस, आता माझ्याशी काय बोलणार?" असं ते तुला म्हणाले, ते तू मनाला लावून घेतलंस. दोघेही सारखेच हट्टी.

किती वेळ इकडचं तिकडचं लिहिणार? बाबांच्या पोटात जरा दुखत होतं. शब्द त्यांचाच. डॉक्टरबाईंनी विचारलं, किती दुखतं? म्हणाले, "जरा." बाई साध्या गोळ्या लिहायला लागल्या. मी म्हटलं, "यांचं 'जरा' माझ्या भावानं मोजलंय, तुम्ही नीट तपासा." त्या हसल्या. मग त्यांनी पोट दाबून पाहिलं आणि त्यांचं हसू गेलं.

आता करण्यासारखं काही उरलेलं नाही. दुखणं कमी ठेवायचं, एवढंच. मला फार रडू येतं रे. न्हाणीघरात बादली भरायला लावते आणि रडून घेते.

काल त्यांची उशी सारखी करत होते, तेव्हा खिडकीकडे बघत म्हणाले, "त्याची जरा आठवण येते."

"बोलावू का?"

"नको. कामात असेल तो."

डॉक्टरबाईंना बाबांचं 'जरा' समजावून सांगावं लागलं. तुला सांगावं लागणार नाही.

जरा लवकर ये.

बाबांचीच मुलगी,
तुझी ताई