पान अकरावरची आजी

८ एप्रिल
कार्डिफभर डॅफोडिल्स, आणि मी घरात बसून भोपळे रंगवतेय. मुलांचं चित्रपुस्तक, पुढच्या हॅलोविनचं. मराठी कुटुंब, दारोदार चॉकलेटं मागणारी मुलगी, सोबत नऊवारीतली आजी. आजीला माझ्या आईचा चेहरा दिलाय. आई जन्मात नऊवारी नेसली नाही, पण हेलनला हवी. एडिटरपुढे कोण बोलणार! सगळी पानं ३० तारखेला द्यायची.

१० एप्रिल
हेलनची मेल. पान अकरा सुंदर, पण आजीचे पाय उलटे का? तुमच्याकडची काही प्रथा आहे का?
उघडून पाहिलं. चेहरा समोर, पदर समोर, पाऊल मात्र टाच पुढे. हसूच आलं. मीच काढलं असणार, दुसरं कोण? लहानपणी आईच सांगायची, भुताचे पाय उलटे असतात, अनोळखी कुणी दिसलं की आधी पाय बघ. हेलनला 'सॉरी, दमलेय' लिहिलं. दुरुस्त केलं.

१४ एप्रिल
परत तेच. सेव्ह करताना बोटं पुढे होती, नीट पाहिलं होतं. आज टाचा. समीरला दाखवलं. "जुनी फाइल उघडलीयेस, बाकी काही नाही." नवऱ्याला कशातच बाकी काही दिसत नाही.
आईला नाशिकला फोन. एकटी असते. आवाज बारीक लागला. "ठणठणीत आहे गं मी. पुस्तक पूर्ण कर, मग ये."
बाबाही हेच म्हणाले होते. मी काम पूर्ण केलं, मग गेले. पोचले तर त्यांच्या जागी दिवा. स्वतःला अजून माफ केलेलं नाही.

१७ एप्रिल
लेकीने, इराने, आज तिच्या आजीचं चित्र काढलं. पाय उलटे. माझं पान तिने पाहिलेलं नाही, लॅपटॉपला पासवर्ड आहे.
"असे का काढलेस गं?"
"आजी असाच चालतो. संडेला कॉलवर मी पाहिला. आजी किचनमध्ये जात होता, पण टोज माझ्याकडे."
सहा वर्षांची आहे. तिचं मराठी मी दरवेळी सुधारते. आज नाही सुधारलं. भीती वाटली, दुसरं काय.

२२ एप्रिल
उपाय सापडला! आजीला खुर्चीत बसवलं, गुडघ्यांवरून खाली शाल. हिरवी, कारण पानावर नारिंगी फार झालं होतं. पायच दिसत नाहीत तर उलटे कुठून? हेलन खूश.

२४ एप्रिल
दुपारी आईला व्हिडिओ कॉल. खुर्चीत बसलेली. गुडघ्यांवरून खाली हिरवी शाल.
नाशिकच्या एप्रिलात! आणि ही बाई, जी आमटी ढवळल्याशिवाय फोनवर कधी बोलली नाही.
"आई, पाय दाखव."
"काहीतरीच! पाय काय बघायचेत?"
"पडलीस का? खरं सांग."
"पुस्तक झालं का तुझं?"
शाल खालून हलली. तिने घाईघाईने दोन्ही हातांनी दाबून धरली.

२५ एप्रिल
हेलनला कळवलं, उरलेली चार पानं उशिरा. रागावेल. रागावू दे. पुस्तक थांबेल, आई थांबेलच असं नाही. उद्या हीथ्रोहून निघतेय. इराजवळ समीर आहे.
आईला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, "ये. बेल वाजवू नकोस, मला दारापर्यंत यायला नको वाटतं. किल्ली शेजारी जोशीकाकूंकडे आहे."
"बरं."
"आणि आत आलीस ना, की आधी माझ्या तोंडाकडे बघ. ऐकतेयस ना? आधी तोंडाकडे."
हो म्हटलंय.